माझ्या अक्षरातला पंचनामा

माझं अक्षर चांगलं होतं. आमच्या घरादाराला त्याचं भारी कौतुक, आणि त्याच कौतुकाने आमचा घात केला. आता साठी उलटली, बोटं थरथरतात, पण अक्षराचं वळण काही गेलेलं नाही. महाळुंग्याला लेकाच्या सोसायटीत फळ्यावर चार ओळी लिहायच्या असल्या की आमच्याच दाराची बेल वाजते. मी सरळ सांगते, आधी काय झालंय ते मला दाखवा, मग लिहीन. टाकी गळते असं लिहायचं असेल तर गुडघे धरत गच्चीवर जाते, ओल हाताला लावून बघते आणि मगच खडू उचलते. सून हसते. "आई, साधी नोटीस आहे ती," म्हणते. हसू दे बापडी. तिला ठाऊक नाही. नवऱ्यालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि तो गेला तो तसाच गेला.

आमचं घर भरे गावाच्या थोडं पुढे, रस्त्याला अगदी लागून. पुढे लांबलचक ओटा आणि ओट्यासमोर एसटीचा थांबा. येणारा-जाणारा टेकायचा, पाणी प्यायचा. चुलीवर चहाचं आधण बहुतेक चढलेलंच असायचं, आणि मागच्या पडवीत आंबेमोहराची पोती रचलेली, त्यामुळे घरभर भाताचा गोडसर वास. पोलिसांची जीपही थांबायची ती आमच्याच ओट्यासमोर, आणि त्यातूनच दादा, म्हणजे माझे वडील, पंच झाले. पंच म्हणजे काय, ते सांगते. पोलिसांनी काही जप्त केलं, कुठे प्रेत सापडलं, कुणाच्या घराची झडती घेतली, की तिथे दोन तिऱ्हाईत माणसं हजर पाहिजेत. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघायचं, जे दिसलं ते कागदावर उतरायचं आणि त्याखाली त्यांनी सही करायची. कायदा असा. आमच्याकडची रीत अशी, की जीप थांबायची, चहा व्हायचा आणि हवालदार म्हणायचे, "रामभाऊ, दोन सह्या मारा." दादा मोठ्या तोऱ्यात पेन हातात घ्यायचे. शाळा तिसरीपर्यंतची. नाव तेवढं लिहिता यायचं, तेही जीभ दातांत धरून. पण सरकारदरबारी आपली सही चालते, याचा त्यांना कोण अभिमान! नाही म्हणायचं असतं, हे आमच्या वाडीत कुणाला सुचलंच नव्हतं. साहेब म्हणतायत, सही केली. बघायचं काय त्यात?

ते राब तोडायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, त्यासाठी रानातून झाडांच्या फांद्या तोडून आणतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्या दिवसांत बापे काय नि बाया काय, सगळ्यांच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. आमच्या दोन घरं पलीकडे बबनकाका राहायचे. त्यांची रानाची वाट डोंगराच्या उतारावरून जायची. तो उतार कुणा शहरातल्या माणसाने विकत घेतला, तारेचं कुंपण घातलं आणि राखणीला एक वॉचमन बसवला. बबनकाका तिखट माणूस. थांब्यावर दहा जणांदेखत वॉचमनला म्हणाले, "वाट अडीवलीस तर बगून घीन." झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या वॉचमनवर कुणीतरी मागून वार केला. जीव वाचला त्याचा, पण हात कायमचा लुळा पडला. वार करणारा त्याने पाहिला नव्हता. दुपारपर्यंत जीप येऊन बबनकाकांना घेऊन गेली. "जरा विचारायला नेतोय," असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जीप परत आली. मी अकरावीत होते आणि घरी एकटीच भाकऱ्या थापत होते, आई शेण टाकायला गेलेली. दादांनी आत डोकावून सांगितलं, "संगे, चा टाक, साहेब आल्यात." मी चहा घेऊन बाहेर गेले. ओट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता होता, शेजारी कोरे कागद, कार्बन. आणि हवालदारसाहेब उजवा अंगठा धरून बसलेले. अंगठ्याला नखुरडं झालं होतं, चिंधी बांधली होती. पेन धरवेना. ते कण्हायला लागले तसे दादा म्हणाले, "आमची संगी लिव्हील की! निबंधात तालुक्यात पयली आलीय." त्या वाक्यात त्यांची छाती केवढी फुगली होती, ते मला आज इथे बसूनही दिसतं. आणि खोटं कशाला बोलू, माझीही फुगली. हात पुसले आणि बसले मांडी घालून.

हवालदार सांगत होते, मी लिहीत होते. "आम्ही खालील सह्या करणारे पंच, बोलावल्यावरून समक्ष हजर राहून..." भाषा मला फार भारदस्त वाटली. आरोपी म्हणून बबनकाकांचं नाव आलं तेव्हा पेन जरा अडखळलं. पुढे, आरोपीने पंचांसमक्ष आपल्या शेळ्यांच्या गोठ्यातल्या पेंढ्याखाली लपवलेला कोयता स्वतः काढून दिला, असं आलं. मी म्हटलं, "साहेब, पण काकांचा कोयता तर त्यांच्या कमरेलाच असतो." ते म्हणाले, "लिही बाळ. तपास आम्ही करतो, तू अक्षर काढ." दादांनी डोळे वटारले, तशी मी खाली मान घातली. मला वाटलं, कागदाचं काम आहे, झालं की काका संध्याकाळी घरी येतील. मग हवालदार म्हणाले, "पात्यावर डाग दिसतात, असं लिही." मी कोयत्याकडे पाहिलं. पात्यावर लालसर काहीतरी वाळलेलं होतं. नुसतं 'डाग' मला बोडकं वाटलं. मी लिहिलं, 'रक्तासारखे तांबूस डाग.' आणि ते वाचून दाखवलं. हवालदारांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वा पोरी! हे आम्हाला नसतं सुचलं." तो शब्द माझा होता. कुणी सांगितला नव्हता, कुणी जबरदस्ती केली नव्हती. दादांनी सही केली. दुसरे पंच थांब्यावरचे दुकानदार होते, त्यांनी दुकानातूनच येऊन सही केली आणि गिऱ्हाईक उभं होतं म्हणून पळत परत गेले.

बबनकाका त्या संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवड्यानंतर नाहीत. खुनाचा प्रयत्न असं कलम लागलं आणि येरवड्याला रवानगी झाली. जामिनाला कुणी उभं राहीना. पोलिसांच्या डोळ्यावर कोण येणार? त्यांची बायको, हौसाकाकू, शेळ्या राखायची, दुसऱ्यांच्या बांधावर राबायची. आमच्या घरात कुणी काही बोलत नव्हतं. दादा म्हणायचे, "आपन काय केलं? सही तर केली." पण त्यांची भाकरी ताटात तशीच राहायला लागली. माझे कान सतत रस्त्याकडे. लांबून, वळणावरून आवाज ऐकून ओळखायचे मी, ही एसटी, हा ट्रक, ही जीप. कॉलेजात फळ्यावर लिहायला बोलावलं की काहीतरी निमित्त काढायचे. मी अक्षर बिघडवायचाही प्रयत्न केला. डाव्या हाताने लिहून पाहिलं. जमलं नाही.

आणि एक दिवस हौसाकाकू आमच्या ओट्यावर आली, हातात कोरं पोस्टकार्ड. ती म्हणाली, "संगे, ह्यास्नी चार ओळी लिव्हून दे गं. तुझ्यावानी कुनाला येतंय?" मी आईकडे पाहिलं. आई चुलीपुढे पाठ करून बसली, हलली नाही. लिहून देण्याशिवाय दुसरं काय करणार होते? 'इकडे सर्व खुशाल आहे. पांढऱ्या शेळीला दोन पिलं झाली. जेवणाची आबाळ करू नये.' असली पत्रं मी दोन वर्षांत किती लिहिली असतील, मोजली नाहीत. एकदा ती म्हणाली, "ते म्हनत व्हते, अक्षर बगून लई बरं वाटतं, वळखीचं हाय." त्या दिवशी मी जेवले नाही. कारण तोवर मला कळलं होतं की आरोपीला खटल्याच्या सगळ्या कागदांची नक्कल मिळते. म्हणजे एका हातात माझं पोस्टकार्ड आणि दुसऱ्या हातात माझाच पंचनामा. बबनकाका चौथी शिकलेले होते. त्यांना वाचता येत होतं.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा दुसरे पंच वारले होते आणि डागांच्या तपासणीच्या अहवालातही नक्की काही ठरलं नव्हतं. उरले एकटे दादा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि आमचे दादा तर त्या पायरीला हात लावून नमस्कार करणारे! हवालदार घरी आले, पंचनाम्याची कार्बनची नक्कल ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "रामभाऊ, यात आहे तेच बोलायचं. शब्द इकडचा तिकडे नाही. उलटलात तर खोट्या सहीबद्दल तुम्हीच आत जाल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि अक्षर कुणाचं आहे, ते ध्यानात असू द्या." ते गेल्यावर आई पहिल्यांदा बोलली. "हात दाखवून अवलक्षन केलंत. आता पोरीचं नाव कोर्टात निगालं तर तिला कोन करून घील?" दादा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "तिचं नाव न्हाई निगायचं. म्या बोलतो बराबर. संगे, वाच त्ये."

दादांना वाचता येईना, म्हणून मीच वाचायचे आणि ते पाठ करायचे. पंधरा दिवस, रोज दिवेलागणीच्या आत. मी म्हणायचे, "पेंढ्याखालून कोणी काढला?" ते म्हणायचे, "आरोपीनं सोता काढला." मी म्हणायचे, "पात्यावर काय होतं?" ते म्हणायचे, "रगतासारखं तांबूस डाग." बापाला मी खोटं शिकवत होते, शाळेतली कविता शिकवावी तसं, आणि चुकले की पुन्हा म्हणायला लावत होते. आई कुळथाचं पिठलं ढवळता ढवळता मध्येच थांबायची. एकदा दादा म्हणाले, "संगे, पर म्या गोठ्यात गेलोच न्हवतो गं." मी म्हटलं, "दादा, ते म्हणायचं नाही." एवढी भ्याले होते मी. बबनकाकांना दहा वर्षं शिक्षा होईल, हे मला माहीत होतं. वकिलाकडून हौसाकाकूला कळलं होतं, तिने मला सांगितलं होतं, आणि तरीही मी म्हटलं, ते म्हणायचं नाही.

पुण्याच्या कोर्टात दादांबरोबर मी गेले. त्यांना एसटी बदलायची कळायची नाही, असं निमित्त. खरं तर घरी एकटीला बसवेना. मागच्या बाकावर हौसाकाकू बसली होती, तिने सरकून मला जागा दिली आणि पदरातली उकडलेली शेंग हातात ठेवली. समोर आरोपीच्या जागी बबनकाका. केस पिकलेले, सदरा अंगावर लोंबणारा. दादांनी शपथ घेतली. सरकारी वकील विचारत होते, दादा घडाघडा सांगत होते. हजर होतो. पेंढ्याखालून काढला. सोता काढला. एक शब्द चुकला नाही. माझी शेंग मुठीत चुरगळली. मग वकिलांनी सीलबंद पाकीट फोडलं, कोयता काढला आणि दादांच्या हातात दिला. "हाच का तो? आणि पात्यावर काय होतं?"

दादांनी कोयता घेतला. जन्मभर कोयता हाताळलेला माणूस. त्यांनी तो उलटा केला, धार पाहिली, पात्यावरचा डाग अंगठ्याच्या नखाने खरवडला, नाकाशी नेला. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं, ते मी शिकवलेलं नव्हतं. "साहेब, ह्यो बिबळ्याचा चीक हाय." न्यायाधीशांनी विचारलं, काय म्हणालात? दादा म्हणाले, "बिबळा. झाड अस्तंय. तोडला का लाल चीक येतो, रगतावानी. राबाच्या टायमाला समद्यांचंच कोयतं असं हुत्यात. माजाबी झाला व्हता." बबनकाकांचे वकील, आतापर्यंत जांभया देणारे, ताडकन उठले. मग पंचनाम्यात रक्त कुठून आलं? दादांनी एकदा कोयत्याकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या हवालदारांकडे. "म्या गोठ्यात गेलोच न्हाई. माज्या वट्यावर चा पिऊन सही केली," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई."

सरकारी वकील ओरडले, साक्षीदार फितूर झाला. सगळीकडे कुजबुज. आणि तेवढ्यात न्यायाधीशांनी कागद उचलून दादांना विचारलं, "हे लिहिलं कोणी?" दुसऱ्यांदा विचारलं. दादा म्हणाले, "मला ठावं न्हाई." शपथेवर. देवभोळा माणूस तो, शपथेला किती भ्यायचा! तेव्हा बबनकाकांनी मान वळवली. दादांकडे नाही, मागच्या बाकाकडे. माझ्याकडे. नुसतं बघत राहिले. मी उठायला हवं होतं. मी लिहिलं, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. माझे पाय उठले नाहीत. बबनकाकाही काही बोलले नाहीत, त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. त्या बाकावर मी जी बसले, ती अजून उठलेली नाही, असं मला कधी कधी वाटतं.

चार महिन्यांनी निकाल लागला, बबनकाका निर्दोष सुटले. वार कोणी केला ते आजतागायत कळलं नाही. तो वॉचमन हात गळ्यात बांधून आपल्या गावी गेला, त्याचा कैवार कुणी घेतला नाही. दादांवर खटला भरतील म्हणून आम्ही वर्षभर जीव मुठीत धरून होतो. भरला नाही. पण जीप आमच्या ओट्यासमोर पुन्हा कधी थांबली नाही, थांबा ओलांडून पुढे जाऊन थांबायची. माझा नातू वकिलीचं शिकतो. परवा सांगत होता, आजी, आता नवीन कायद्याने झडतीचं मोबाईलवर शूटिंग करावंच लागतं, कुणाला काही लपवता यायचं नाही. मी म्हटलं, बरं झालं बाबा. पण मोबाईल कुणाच्या हातात देतात, तेवढं बघ. तोही कुणाचा तरी चांगला हात असेल.

बबनकाका सुटून आल्यावर महिन्याभराने, दुपारचे, ओट्यावर आले. दादा शेतावर होते. मी तांदूळ निवडत होते, सूप हातातून सुटलं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, "अर्ज लिव्हायचाय. माजा कोयता कोर्टात अडाकलाय. राबाचं दिस आलं." मी पेन आणलं. 'प्रति' लिहायलाच मला वेळ लागला. 'माझ्या मालकीचा एक कोयता' इथवर आले आणि विचारलं, "काका, वर्णन काय लिहू?"

"मूठ सागाची हाय. येवडंच लिव्ह." मग म्हणाले, "डागांचं लिव्हू नगंस. डाग तुला लई ब्येस लिव्हता येत्यात."

मला रडू फुटलं. दोन वर्षांचं साठलेलं, आवरेना. म्हटलं, काका, तुम्हाला माहीत होतं, मग तिथे बोलला का नाहीत? ते रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "वकिलाला सांगितलं व्हतं पयल्याच दिशी. त्यो म्हनला, अक्षरं समद्यांची सारखीच असत्यात." मग कागद माझ्यापासून थोडा बाजूला ओढला. "रडू नगंस. भिजंल. येकच आनलाय."

मी डोळे पुसले, अर्ज पुरा केला. सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

"काय लिव्हलंयस, वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. वाचता येणारा माणूस तो, कागद त्यांच्याच समोर होता. तिसऱ्यांदा वाचून झालं, तेव्हा त्यांनी सही केली.